विश्लेषण : ४७ वर्षे जुनी मोटरसायकल, ६८ वर्षांचा चालक... बर्ट मन्रो यांनी वेगाचा विक्रम कसा केला?

मूळची गाडी ताशी ८९ किलोमीटर वेगाने धावणारी. घरच्या गॅरेजमध्ये चार दशके फेरफार केल्यावर तीच गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे गेली. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांच्यावर २००५ मध्ये चित्रपट आला आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. पण दोन तासांच्या चित्रपटात न मावलेला भाग मोठा आहे. तो आहे दुरुस्तीचा. इंजिन फुटणे, ते खोलणे, कोणता भाग का तुटला हे शोधणे आणि तो पुन्हा स्वतःच्या हाताने बनवणे, हेच मन्रो यांनी आयुष्यभर केले.

बर्ट मन्रो कोण होते?

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल भागात झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण दगावली. हे मूलही दोन वर्षांपेक्षा जास्त जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले होते. मुलगा जगला, एडनडेल गावाजवळच्या शेतावर वाढला आणि घोड्यावर बसता येऊ लागताच तो भरधाव पळवू लागला. घरच्यांना हे फारसे पसंत नव्हते.

पुढे घोड्याची जागा मोटरसायकलने घेतली. आधी एक डग्लस, मग १९१९ च्या सुमारास साइडकार जोडलेली क्लायनो. मन्रो यांनी साइडकार काढून टाकली आणि गाडी शर्यतीत उतरवली. गाडीवरचे अनावश्यक ओझे काढणे हा कोणत्याही फेरफाराचा पहिला धडा असतो. तो त्यांनी विशीतच गिरवला होता.

त्यांच्या नावाचीही एक गंमत आहे. इंग्रजीत ते आपले नाव एका पद्धतीने लिहीत. एका अमेरिकी नियतकालिकाने ते चुकीच्या स्पेलिंगने छापले आणि मन्रो यांनी तेच स्पेलिंग स्वीकारले. मराठीत दोन्ही बर्टच!

गाडीचे नाव ‘इंडियन’ कसे?

भारतीय वाचकाचा इथे हमखास गोंधळ होतो. चित्रपटाच्या नावातला इंडियन म्हणजे भारतीय माणूस नव्हे. इंडियन ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डची मोटरसायकल कंपनी. ती १९०१ मध्ये सुरू झाली आणि एके काळी हार्ले-डेव्हिडसनची तगडी प्रतिस्पर्धी होती. तिचे स्काउट हे मॉडेल १९२० च्या हंगामासाठी बाजारात आले. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने ते आखले होते. ६०० सीसीचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे मांडलेले दोन सिलिंडर, हाताने टाकायचे तीन गिअर आणि पायाने दाबायचा क्लच, अशी ही गाडी होती.

मन्रो यांनी १९२० मध्ये नवी कोरी स्काउट घेतली. तिच्या इंजिन क्रमांकाचा शेवट ६२७ ने होतो, म्हणजे ती अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी होती. आज शहरातल्या रस्त्यासाठी एक, घाटासाठी दुसरी आणि कच्च्या वाटेवर व डांबरावर दोन्हीकडे चालणारी ड्युअल-स्पोर्ट म्हणून तिसरी, अशी गाड्यांची वर्गवारी आहे. त्या काळात सामान्य माणसाकडे एकच गाडी असे आणि तिनेच सगळे करायचे. मन्रो यांची स्काउट रस्त्यावर धावली, टेकडीवर चढली, गवतावरच्या शर्यतीत उतरली आणि समुद्राच्या वाळूवरही पळाली. प्रत्येक ठिकाणी तिचे वेगळे काहीतरी तुटले. त्यातूनच मन्रो घडले, असे म्हणायला हरकत नाही.

फेरफारांना सुरुवात कधी झाली?

साधारण १९२६ पासून. तोवर गाडी चालवून तिच्या मर्यादा कळल्या होत्या. पुढच्याच वर्षी मन्रो यांचे लग्न झाले. पुढे चार मुले झाली. मंदीच्या काळात त्यांना घरच्या शेतावर परतावे लागले. नंतर ते मोटरसायकलींचे विक्रेते आणि मेकॅनिक म्हणून काम करू लागले. दिवसा लोकांच्या गाड्या विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि रात्री आपली गाडी खोलून बसायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. अनेकदा रात्र सरून सकाळी थेट कामावर जाण्याची वेळ येई.

इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटीचा लांबलचक समुद्रकिनारा ही त्यांची प्रयोगशाळा. ओहोटीनंतर तिथली वाळू रस्त्यासारखी घट्ट आणि सपाट होते. गॅरेजमध्ये आठवडे घालवायचे, किनाऱ्यावर काही मिनिटे गाडी पळवायची आणि पुन्हा गॅरेजमध्ये यायचे. ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नलाही शर्यतींसाठी जात. स्काउटच्या जोडीला त्यांनी १९३६ ची एक ब्रिटिश व्हेलोसेटही बाळगली होती. तिच्या ५०० सीसीच्या इंजिनाचे त्यांनी ६५० सीसी केले. पण त्यांचा जीव होता तो स्काउटवरच.

सुटे भाग विकत का घेतले नाहीत?

पैसे नव्हते, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्यांना हवे ते भाग कुठे मिळतच नव्हते. ८९ किलोमीटरसाठी आखलेल्या इंजिनाला दुप्पट-तिप्पट वेगाचे भाग कोणता कारखाना पुरवणार? त्यात १९५३ मध्ये इंडियन कंपनीचे उत्पादनच थांबले. म्हणजे मन्रो यांची मोठी कामगिरी होण्याआधीच त्यांच्या गाडीचा निर्माता बाजारातून गेला होता.

मग त्यांनी भाग स्वतः बनवले. जुन्या डब्यांचा साचा करून ते पिस्टन ओतत. ओतकामात धातू सगळीकडे सारखा थंड झाला नाही तर आत बारीक पोकळ्या राहतात आणि पिस्टन नेमका तिथेच तडकतो. हे त्यांना पुस्तकापेक्षा तडकलेल्या पिस्टनांनीच जास्त शिकवले असणार. सिलिंडरचे बॅरल त्यांनी गॅसवाहिनीच्या बिडाच्या जुन्या पाइपांपासून केले. फ्लायव्हील, कॅम आणि कॅमवर चालणारे फॉलोअर घरीच घडले. ऑइल फिरवण्याची व्यवस्थाही त्यांनी स्वतःची बसवली. मूळ स्काउटमध्ये इंजिनात गेलेले ऑइल परत येत नसे. ते जळून किंवा गळून संपे. रोजच्या वापराला तेवढे पुरे होते, पण सतत पूर्ण ताकदीने पळणाऱ्या इंजिनाला पुरेसे नव्हते.

सर्वांत थक्क करणारा भाग म्हणजे कनेक्टिंग रॉड. पिस्टनची वर-खाली हालचाल क्रँकपर्यंत नेणारा हा दांडा. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की या दांड्यावरचा ताण चौपट होतो, म्हणून वेगाच्या मागे लागलेल्या माणसाचे इंजिन बहुधा इथेच दगा देते. दांडा मोडला की तो एकटा मोडत नाही. त्याचे टोक इंजिनाचे आवरण फोडून बाहेर येते आणि पिस्टन, बॅरल, व्हॉल्व्ह अशी सगळ्यांचीच वाट लागते. मन्रो यांनी कॅटरपिलर ट्रॅक्टरचा एक जुना अॅक्सल मिळवला. शेतात टनावारी ओझे सोसणारे ते पोलाद होते. करवत आणि कानस घेऊन त्यातून त्यांनी हे दांडे कोरून काढले आणि पोलादाला पाणी देऊन ते कणखर केले. हे दिवसांचे नव्हे, महिन्यांचे काम. पोलादाचा ठोकळा कानशीने एकदा घासून पाहिलेल्या कोणत्याही फिटरला त्याची कल्पना येईल.

मोजमापासाठी ते चाकाची जुनी तार, म्हणजे स्पोक, मायक्रोमीटरसारखी वापरत, असे सांगितले जाते. असे किस्से वाचून आपल्याकडे चटकन ‘जुगाड’ हा शब्द वापरला जातो. तो इथे चपखल बसत नाही. जुगाडात वेळ निभावून नेली जाते. मन्रो भागाची रचनाच बदलत होते.

इंजिनात नेमके काय बदलले?

मूळ स्काउटचे इंजिन साइड-व्हॉल्व्ह प्रकारचे होते. त्यात इंधनमिश्रित हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात. अशी रचना सोपी, स्वस्त आणि दुरुस्तीला सुटसुटीत असते. मात्र हवेला वळण घेऊन आत शिरावे लागते आणि ज्वलनाची जागा पसरट होते. मिश्रण हवे तेवढे दाबता येत नाही आणि ताकदीवर मर्यादा येते.

मन्रो यांनी हे इंजिन ओव्हरहेड-व्हॉल्व्ह केले, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन कॅमच्या जागी चार केले, त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हची वेळ स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागली. सिलिंडर बोअर करून इंजिनही वाढत गेले. मूळच्या ६०० सीसीवरून १९६२ पर्यंत ते ८५० झाले, मग ९२० आणि १९६७ मध्ये ९५०.

इंजिनाची ताकद वाढली की ती चाकापर्यंत नेणारे भाग अपुरे पडू लागतात. मूळ गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे दातेरी चाकांनी जाई. मन्रो यांनी तिथे तिहेरी साखळी बसवली आणि १७ प्लेटांचा क्लच स्वतः तयार केला. एक भाग मजबूत करावा तर ताण शेजारच्या भागावर सरकतो. आज सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर बदलून गाडी ‘मॉडिफाय’ करणाऱ्यांचा क्लच काही महिन्यांत का घसरू लागतो, याचे उत्तरही यातच आहे.

गॅरेजमधल्या त्या फळीवर काय होते?

मन्रो यांच्या गॅरेजमध्ये एक फळी होती. तडकलेले पिस्टन, मोडलेले कनेक्टिंग रॉड आणि इतर निकामी भाग त्यावर रचून ठेवलेले असत. हे सगळे वेगाच्या देवाला वाहिलेले नैवेद्य आहेत, अशा अर्थाची ओळ त्यांनी तिथे रंगवली होती. या फळीची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत आणि बहुतेकांना त्यातला विनोद तेवढा आवडतो.

मेकॅनिकच्या नजरेने पाहिले तर ती फळी म्हणजे नोंदवही होती. तुटलेल्या भागाच्या कडेवरून तो एका फटक्यात गेला की आधी बारीक चीर पडून हळूहळू कमजोर झाला, हे ओळखता येते. करपलेला पिस्टन इंधनाचे प्रमाण चुकल्याचे किंवा ऑइल पोहोचत नसल्याचे सांगतो. असे भाग भंगारात गेले की त्यांच्याबरोबर ही माहितीही जाते. मन्रो यांनी ते ठेवून दिले. त्यांच्याकडे संगणक नव्हता, चाचणीचे यंत्र नव्हते आणि चूक दाखवायला वरिष्ठ अभियंताही नव्हता. होती ती ही फळी.

वेग वाढवणे एवढे अवघड का?

वेग वाढत जातो तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. ८९ वरून ३०५ किलोमीटर म्हणजे सुमारे साडेतीनपट वेग. गाडीचा आकार तोच ठेवला तर हवेला सारण्यासाठी जवळपास ४० पट ताकद लागेल. कितीही बोअर केले तरी १९२० च्या इंजिनातून एवढी ताकद निघणे शक्य नव्हते. त्यामुळे उरलेली कसर आकाराने भरून काढावी लागली.

मन्रो यांनी गाडी बुटकी केली आणि तिच्याभोवती माशासारखे निमुळते फायबरग्लासचे कवच घडवले. आत शिरून ते जवळपास पालथे पडून गाडी चालवत. टायरवरची नक्षी त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीसारख्या सुरीने तासून गुळगुळीत केली. महागडे रेसिंग टायर घेण्याची ऐपत नव्हती. शिवाय प्रचंड वेगात टायरवरचे जाड रबर केंद्रोत्सारी बलाने उचकटून निघण्याची भीती असते. रबर जेवढे पातळ, तेवढी ती भीती कमी.

कवचाने वेग दिला, पण एक दुखणेही आणले. अशा कवचावर हवेचा दाब गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडला, तर बारीकशा हेलकाव्याचा झोला होतो आणि तो वाढतच जातो. १९६७ मध्ये मिठावर मन्रो यांना हाच अनुभव आला. गाडी भयंकर डोलू लागली. वेग कमी व्हावा म्हणून त्यांनी अंग वर उचलले, तर वाऱ्याने गॉगल उडवून नेला आणि डोळ्यांपुढे काही दिसेना. मार्गाकडेचा लोखंडी खांब थोडक्यात हुकला आणि शेवटी त्यांनी गाडी मिठावर आडवी केली. ते जगले.

बोनव्हिलमध्ये काय घडले?

अमेरिकेच्या युटा राज्यातले बोनव्हिल हे समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवरचे, सुकलेल्या प्राचीन सरोवराचे मिठाचे सपाट मैदान आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे वेगवेड्यांचा मेळा भरतो. विक्रमासाठी दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढली जाते. त्यामुळे पाठच्या वाऱ्याचा फायदा उठवता येत नाही.

मन्रो १९६२ मध्ये तिथे गाडी घेऊन पोहोचले तेव्हा त्यांनी आगाऊ नोंदणीही केलेली नव्हती. ओळखीच्या अमेरिकी मंडळींनी शब्द टाकला आणि त्यांना उतरू दिले गेले. वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांनी ८८३ सीसीपर्यंतच्या गटात ताशी १७८.९७ मैलांचा (२८८ किमी) विक्रम केला. १९६६ मध्ये १६८.०६६ मैलांचा विक्रम आला. हा आकडा आधीच्यापेक्षा कमी दिसतो, पण गट वेगळा होता. दरम्यानच्या वर्षांतल्या कित्येक फेऱ्या मोडलेल्या भागांनीच संपल्या.

मग आले १९६७. मन्रो ६८ वर्षांचे, गाडी ४७ वर्षांची. पात्रता फेरीत एका दिशेने त्यांनी ताशी १९०.०७ मैल, म्हणजे ३०५.८९ किलोमीटर वेग नोंदवला. इंडियन मोटरसायकलवर अधिकृतपणे मोजला गेलेला तो सर्वाधिक वेग ठरला. दोन्ही दिशांच्या सरासरीने १००० सीसीपर्यंतच्या गटाचा विक्रम त्यांच्या नावावर लागला, तो ताशी १८३.५८६ मैलांचा.

चित्रपटात हे सारे एकाच सफरीत घडल्यासारखे दिसते. अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो सुरेख उभे केले आहेत. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्ष मन्रो यांच्यावर माहितीपट केला होता, म्हणजे त्यांना माणूस ठाऊक होता. तरी कथेची सोय म्हणून अनेक वर्षांची पायपीट एका विजयात कोंबली गेली. प्रत्यक्षात मन्रो यांनी बोनव्हिलला सुमारे दहा वेळा हजेरी लावली आणि बहुतेक वेळा ते गाडीतला एखादा नवा दोष कळून घरी परतले.

या वेडाची किंमत कोणी मोजली?

त्यांनी स्वतः मोजली आणि घरच्यांनीही. रात्र-रात्र गॅरेजमध्ये काढणाऱ्या माणसाचा संसार टिकला नाही. १९४० च्या दशकात पती-पत्नी विभक्त झाले. त्यानंतर मन्रो यांनी नोकरी सोडली आणि स्वतः बांधलेल्या एका गॅरेजमध्येच मुक्काम हलवला. तिथेच काम, तिथेच झोप. कौतुकाच्या लेखांत ही साधी राहणी मोठ्या प्रेमाने रंगवली जाते. चार मुलांच्या घरात ती कशी दिसली असेल, याचा विचार त्यात क्वचितच असतो.

शरीरानेही बरेच सोसले. अनेक अपघात झाले, हाडे मोडली, कातडी सोलली गेली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हृदयविकाराचे दुखणे सुरू झाले. म्हणजे बोनव्हिलचे सगळे विक्रम त्यांनी हृदयाचा त्रास सांभाळत केले.

१९७७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा ताळमेळ पूर्वीसारखा राहिला नाही. गाडी चालवता येणार नाही हे कळल्यावर त्यांनी दोन्ही मोटरसायकली विकल्या. त्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून इन्व्हरकार्गिलच्याच हेज या व्यापारी घराण्याला दिल्या. काही महिन्यांत, ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर ३६ वर्षांनी विक्रम कसा बदलला?

१९६७ च्या दोन फेऱ्यांचे वेग होते ताशी १८४.७१० आणि १८३.४६३ मैल. यांची सरासरी कोणत्याही फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर काढून पाहता येते. ती १८४.०८७ येते. पण अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनच्या दप्तरी १८३.५८६ अशीच नोंद राहिली होती. मन्रो यांचे पुत्र जॉन यांच्या हे लक्षात आले. त्यांनी ते कळवले आणि २०१४ मध्ये संघटनेने नोंद दुरुस्त केली. आता अधिकृत आकडा ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२६ किलोमीटर आहे.

त्यांच्या नावाने इन्व्हरकार्गिल भागात २००६ पासून मोटरसायकल शर्यतींचा मेळावा भरतो. ओरेटीच्या वाळूवरची शर्यत त्यातले मोठे आकर्षण असते. मन्रो यांची स्काउट पाहायची तर मात्र त्याच शहरातल्या ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात जावे लागते. आत एका बाजूला ही गाडी मांडलेली आहे आणि बाकीच्या दुकानात नट, बोल्ट, कानशी, करवतीची पाती यांची नेहमीची विक्री सुरू असते.